उशिरा लागलेला निकाल

वह्या तपासताना शुद्धलेखनाच्या चुकीभोवती आम्ही लाल गोल काढतो. एक चूक मात्र जगभर तशीच छापली गेली.

इंग्लंडमधील सेंट आल्बन्स गावातल्या शाळकरी मुलांनी सुरू केलेला ‘द झॉम्बीज’ हा गाण्याचा बँड. १९६७ मध्ये त्यांनी ‘ओडेसी अँड ओरॅकल’ हा सायकेडेलिक पॉप गाण्यांचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. मुखपृष्ठ रंगवणाऱ्या मित्राने ‘ओडेसी’चे स्पेलिंग चुकवले. पैसा अपुरा पडला, तेव्हा बँडमधल्या दोघा गीतकारांनी स्टिरिओ मिश्रणाचा खर्च स्वतः भरला. गाणी चालेनात. त्याच डिसेंबरात बँड मोडला. अल्बम आला एप्रिल १९६८ मध्ये. गायक कॉलिन ब्लनस्टोन विम्याच्या कचेरीत नोकरीला लागला.

आणि १९६९ मध्ये त्याच अल्बममधले ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले! तोवर प्रत्येकाची वाट वेगळी झाली होती. २०१९ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

मेहनतीत कसूर नव्हती. निकाल तेवढा उशिरा लागला. दहावीच्या निकालादिवशीच पोराची पुस्तके रद्दीत घालायला निघालेल्या अब्बा-अम्मींना आम्ही ही हकिकत सांगतो. लाल शाई आमच्याही हातात असते. ती जरा जपून वापरायला आम्हीही शिकतो आहोत.