नात का आली नाही, हे विचारण्याआधी

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, मिरजेला वारले तेव्हा दिरांचा मुलगा डॅलसहून तेराव्याला पोचला. माझी मुलगी आली नाही. तिला सायकल अण्णांनी शिकवली, कृष्णाघाटावर बोट धरून तेच न्यायचे. पंगतीत कुजबुज झाली, ‘तो येतो, मग हिला काय झालं? नवरा तर तिथला नागरिक!’ ती कुजबुज अजून थांबलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

दोघांचेही ग्रीन कार्डाचे अर्ज निकालाची वाट पाहत होते. फरक व्हिसाचा. पुतण्या नोकरीच्या एच-१बीवर, तो व्हिसा चालू असला की अर्ज न गमावता जाऊन येता येतं. माझी मुलगी एफ-१वर शिकायला गेली, तिथेच लग्न झालं आणि तिथूनच तिने आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरला. असा अर्जदार ‘अ‍ॅडव्हान्स परोल’ हा प्रवास-परवाना हाती नसताना देशाबाहेर पडला, तर त्याने अर्जच सोडून दिला असं सरकार धरतं. भरलेली फी बुडते. विद्यार्थी म्हणून परतणंही कठीण, कारण कायम राहायचंय हे तिने स्वतः लिहून दिलेलं असतं. मग ग्रीन कार्डासाठी वकिलातीमार्फत जावं लागतं, आणि तोवर नवरा तिकडे, बायको इकडे.

तातडीचा परवाना मिळू शकतो, हे खरं. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला हवा, नात्याचा पुरावा हवा, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर हवं, कार्यालयात जायची वेळ मिळायला हवी. आपल्याकडे अग्नी बहुधा त्याच दिवशी दिला जातो. मुलीला वेळ मिळाली तोवर तेरावा उरकला होता. त्या रात्री ती फोनवर काही बोललीच नाही, नुसती रडत राहिली. तिला जाब विचारणाऱ्यांनी ते ऐकायला हवं होतं.

१ एप्रिल २०२४ पूर्वी या परवान्याचा खर्च आय-४८५च्या फीतच धरलेला असे. त्या दिवसापासून मूळ अर्जाला १४४० डॉलर आणि परवान्याच्या कागदी अर्जाला वेगळे ६३० झाले. नवा संसार मांडणारी मुलं ‘तो नंतर भरू’ म्हणतात, आणि घरचं आजारपण सांगून येत नाही. म्हणून इथल्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलं अर्ज भरत असतील तर परवान्याचा अर्जही सोबतच भरायला लावा, लागले तर पैसे आपण द्या. आणि तो हाती येईपर्यंत मुंज, वास्तुशांत, कशासाठीही ‘चार दिवस येऊन जा’ म्हणू नका.

अमेरिकेच्या सरकारकडे मागणं एवढंच, की हा परवाना अर्जाच्या पावतीबरोबरच द्यावा. एच-१बीवाला बाहेर गेला म्हणून त्याने अर्ज सोडला असं तेच सरकार धरत नाही. मग आजोबांच्या तेराव्याला निघालेल्या नातीने नवरा आणि घर सोडलं, असं तरी का धरावं?