हळद धुऊ नका

वाटूर, परतूर, मंठा हा सगळा पट्टा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या जुन्या ट्रंकांतून हाली सिक्क्याची, म्हणजे निजामाच्या चलनाची, नोट निघाली, तर तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट असण्याचा संभव मोठा. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर बसलेली नोट कोरी राहत नाही. माल हाती आला की आपल्यापैकी काहीजण पहिलं काम करतात ते साबण शोधण्याचं. हे संपादकीय त्यांच्यासाठी आहे.

हळद अल्कलीत तांबडी होते. साबण किंवा सोड्याचं पाणी लागलं की पिवळा ठिपका विटकरी होतो, मग तो घालवायला ब्लीच येतं. ब्लीचने तंतू कमजोर होतात. नुसत्या धुण्यानेही कागदाची खळ निघून जाते आणि नोटेचा कडकपणा संपतो. ग्रेडर तो आधी बघतो, डाग नंतर. वापरातल्या नोटेच्या कोपऱ्यावरची हळद ग्रेडला थोडाच धक्का लावते. धुतलेल्या नोटेला पीएमजी या ग्रेडिंग कंपनीचा ‘ईपीक्यू’ हा अस्सल कागदाचा शेरा मिळत नाही, आणि त्याशिवाय ६५ किंवा वरचा ग्रेडही नाही. छेडछाड जास्त असली तर अंकापुढे ‘नेट’ लागतं. पकडणंही अवघड नाही. निजामाच्या काळच्या कागदात चमक आणणारी आधुनिक रसायनं नव्हती. धुण्याच्या पावडरीत असतात. यूव्ही दिव्याखाली अशी नोट निळसर उजळते. (हळदही चमकते, पण पिवळट, आणि फक्त डागापुरती.)

पिनांच्या गंजाचं प्रकरण वेगळं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१मध्ये नोटांच्या गड्ड्यांना पिना मारणं थांबवायला सांगितलं, तोवर कोऱ्या गड्डीतली नोटही भोकं घेऊनच यायची. ती भोकं मूळचीच म्हणून लेबलवर तशी नोंदली जातात. गंज मात्र साठवणुकीतला दोष आहे आणि तो लोखंड असेपर्यंत पसरत राहतो. तेव्हा पीन काढा, घाई न करता. गंजाला ॲसिड लावू नका.

मग डाग कधीच किंमत वाढवत नाही का? वाढवतो. १९२२ साली फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘एस. एस. इजिप्त’ हे जहाज बुडालं. पुढच्या दशकात त्यातलं सोनं काढताना हैदराबादच्या सही नसलेल्या नोटाही वर आल्या. समुद्राच्या पाण्याने विटलेल्या या नोटांना संग्राहक आवर्जून पैसे मोजतात, कारण डागाची कथा कागदोपत्री सिद्ध आहे. ‘आजीच्या देवघरातली’ एवढं सांगून तो भाव मागणं ही निव्वळ दुकानदारी.

पुढील अंकापासून आमच्याकडे येणाऱ्या विक्रीच्या जाहिरातीत नोटेच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रं लागतील, डाग कुठे आणि कशाचा हे लिहावं लागेल. धुतली असेल तर ‘धुतलेली’ हा शब्दही. तो लपवलेला आढळला, तर त्या विक्रेत्याची जाहिरात पुन्हा घेतली जाणार नाही.