मूठभर तांदूळ

मुलांनो, आज आधी माझीच एक गोष्ट सांगते. फारशी अभिमानाची नाही, तेव्हा हसू नका बरं का!

19 जुलै 2023 च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी झोपेत होती. कितीतरी माणसं गाडली गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडून मदत येऊ लागली. मीही कपाट उघडलं आणि एक साडी काढली. रंग उडालेली, काठाशी उसवलेली. घडी घालताना मनात काय आलं, सांगू? ‘बरं झालं, कपाटात जागा झाली!’

शाळेत आम्ही कपडे गोळा करत होतो. चौथीतल्या एका मुलीने ती साडी उलगडून पाहिली आणि अगदी सहज विचारलं, “बाई, ही तुम्ही नेसाल?”

काय उत्तर देणार? दुसरी साडी दिली खरी, पण तो प्रश्न काही पाठ सोडेना. आमचं घर ख्रिस्ती. दानपेटीसमोर बसलेल्या प्रभू येशूची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. श्रीमंत भरभरून टाकत होते, पण येशूला मोठं वाटलं ते गरीब विधवेने टाकलेल्या दोन क्षुल्लक नाण्यांचं दान. कारण ती उरलंसुरलं देत नव्हती. गोष्ट पाठ होती हो! साडी काढताना कुठे गेली होती, कोण जाणे.

रेव्हरंड ना. वा. टिळक तुम्हाला ठाऊक असतील. ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता त्यांचीच. 1895 साली ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ मोठे झालात की जरूर वाचा. हसवतं आणि रडवतंही. टिळकांच्या हातात पैसा म्हणून टिकत नसे. गरजू दिसला की खिसा रिकामा! वाचताना टिळकांचं कौतुक वाटतंच, पण माझं लक्ष आपलं चुलीकडे जातं. द्यायचं टिळकांनी आणि उद्याचं भागवायचं लक्ष्मीबाईंनी! बाबा उदार असले की घरात दुसरं कुणीतरी पिठाचा डबा हलवून पाहत असतं. त्या माणसाचं दान आपल्या लक्षातच येत नाही.

म्हणूनच मला मिझोरामच्या बायकांची रीत फार आवडते. तेव्हा त्या भागाला लुशाई टेकड्या म्हणत. तिथल्या ख्रिस्ती बायकांच्या हाती रोख पैसा कुठला? पण तांदूळ होता, आणि तो शिजवायचं काम त्यांचंच. 1910 च्या सुमाराला त्यांनी एक सुरुवात केली. भात शिजवायच्या आधी त्यातला मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवायचा. नाव ‘बुहफाई थाम’, म्हणजेच मूठभर तांदूळ. साठलेला तांदूळ मंडळी गोळा करी, विकी आणि त्या पैशांतून चर्चची कामं चालत. शंभर वर्षं उलटली, ही रीत आजही चालू आहे. इथे कुणाच्या परवानगीची गरज नाही. ज्याच्या हातात तांदूळ, त्याचंच दान.

आमच्या वर्गात तराजूवर माझी मूठ तोलून पाहिली. साधारण 50 ग्रॅम. दिवसाला दोन मुठी धरल्या, तर महिन्याला 3 किलो! मुलांचा विश्वासच बसेना.

आता तुमच्या हातात काय आहे? एका मुलाने घरून नवीन पेनांचं अख्खं पाकीट आणून वर्गात वाटलं. संध्याकाळी त्याची आई शाळेत हजर! ते पेन त्याचे नव्हतेच. त्याच वर्गातली एक मुलगी मात्र शेजारणीचं फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत मधल्या सुट्टीत रोज तिच्यासाठी थांबते. बाहेर डबे उघडलेले असतात, तरी ही आपली बाकावर पाय हलवत बसलेली. ते मिनिटभर तिचं स्वतःचं असतं.

माझ्या स्वयंपाकघरातही आता तांदळाच्या डब्याशेजारी एक बरणी आहे. महिना संपला की ती शेजारच्या आजींकडे रिकामी होते. गेल्या आठवड्यात डबा तळाला गेला होता, पगार व्हायचा होता. मूठ भरली तीच जरा लहान. बरणीचं झाकण लावलं, भात चढवला. मग पुन्हा झाकण उघडलं.