मामाच्या ट्रकचे जादा दिवे



या वेळी मोबाइल नाही, रेसिपी नाही, सुट्टीची ठिकाणंही नाहीत. या वेळी ट्रक. तुमच्या घरात कुणी ट्रक, टेम्पो किंवा पिकअप चालवत असेल तर हा लेख त्यांना वाचून दाखवा. स्वतः वाचायला त्यांना सवड मिळत नाही, हे मी अनुभवावरून सांगते.

माझा मामा नाशिकचा कांदा घेऊन कोलकात्याला येतो. सुमारे १,८०० किलोमीटर. धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत. हावड्याच्या बाजूला शेवटच्या टप्प्याला इथली माणसं आजही ‘बॉम्बे रोड’च म्हणतात, हायवेचा नंबर बदलला तरी नाव तेच राहिलं. मला ते ऐकून उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

या जानेवारीत पहाटे त्याचा फोन आला. “पोरी, धूलागढच्या ट्रक टर्मिनलला आहे. डॅशबोर्डमागून करपल्याचा वास येतोय. इथला एखादा वायरिंगवाला बघ ना.”

कारण होतं त्याचे नवे दिवे. धुक्यात दिसत नाही म्हणून त्याने वाटेत कुठेतरी ७० वॅटचे चार जादा दिवे बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने सोपा मार्ग काढला: हेडलाइटची वायर सोलली आणि तिथेच चारही दिव्यांच्या वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळली. मग फ्यूज सारखा उडायला लागला, तर क्लीनरने फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. झालं. फ्यूज उडायचा थांबला आणि वायर तापायला लागली.

हिशोब साधा आहे. इंग्रजीत बी.ए. केलेल्या मलाही जमला, म्हणजे बघा. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. वॅटला व्होल्टने भागलं की अँपियर. हेडलाइटचे दोन बल्ब ७५ वॅटचे, म्हणजे १५० भागिले २४, सहाच्या थोडं वर. जादा चार दिवे २८० वॅट, म्हणजे जवळपास १२ अँपियर. सहा अँपियरच्या वायरीतून अठरा जात होते. आणि त्याच केबिनमध्ये मामा रात्री झोपतो.

आम्ही मल्लिक बाजारातून सामान आणलं. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी कोलकात्यात सगळे तिथेच पाठवतात. मिस्त्री वयस्कर होते, मामापेक्षाही मोठे, पण दोघं एकमेकांना ‘दादा’ म्हणत होते. त्यांनी हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. तुमच्या गाडीवर कुणी हे न करता काम सुरू करत असेल तर तिथेच थांबवा.

मग रिले. मामाला तो मी असा समजावला: केबिनमधला स्विच म्हणजे मुकादम आणि रिले म्हणजे हमाल. मुकादम फक्त हुकूम देतो, पोतं हमाल उचलतो. स्विचमधून पाव अँपियरपेक्षाही कमी करंट जातो आणि दिव्यांचा खरा भार रिले पेलतो. रिलेच्या खाली नंबर कोरलेले असतात. ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून दिव्यांकडे, ८६ वर स्विचची आणि ८५ ला अर्थिंग. रिले २४ व्होल्टचाच घ्यायचा, कारचा १२ व्होल्टचा चालत नाही.

फ्यूज मात्र बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. मामाने विचारलं, दिव्यांजवळ का नको? कारण फ्यूज दिवा वाचवत नाही, वायर वाचवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये वायर घासून बॉडीला लागली, तर तिला अडवणारं काहीच नसतं. आमच्या १२ अँपियरला १५ चा फ्यूज आणि अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर बसली. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बुश, बाकी सगळीकडे नळी, आणि सायलेन्सरपासून लांब. पिळून पट्टी मारणं नाही, दाबून बसवलेले लग. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून काढला, कारण रंगावर बोल्ट कितीही आवळला तरी दिवा मंदच लागतो.

इथे एक सापळा सांगून ठेवते. बाजारात १२ व्होल्टचे दिवे स्वस्त मिळतात आणि काही जण ते दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडून देतात. दिवे छान लागतात, पण एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी अति चार्ज. दोन्ही लवकर जातात.

शेवटी वाद झाला तो वरच्या दोन दिव्यांवरून. ते मामाने टपावर लावले होते, थेट समोर रोखून. मिस्त्रींनी काढायला सांगितले आणि मामा रुसला. पैसे गेले होते ना! पण धुक्यात वरून मारलेला झोत पाण्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. धुक्याचा दिवा खाली, बंपरजवळ, पसरट झोताचा आणि जमिनीकडे कललेला हवा. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवानगीशिवाय पुढे सर्चलाइट, स्पॉटलाइट लावायला मनाई आहे. कायद्याचं मामाने ऐकल्यासारखं केलं. पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी विचारलं, “मामा, आई स्कूटीवरून रात्री येताना समोरून असा ट्रक आला तर?” त्याची धाकटी बहीण म्हणजे माझी आई. तो काही बोलला नाही, पाना घेऊन स्वतःच टपावर चढला.

वरचे दोन उतरले, खालचे दोन राहिले. भार निम्मा झाला म्हणून मिस्त्रींनी फ्यूजही १५ चा काढून १० चा घातला. दिवे लांब पल्ल्याचे असल्याने स्विचचा सप्लाय हाय बीमच्या वायरीवरून घेतला. आता समोरून गाडी आली आणि मामाने डिपर दिला की जादा दिवेही आपोआप विझतात. त्याला ते इतकं आवडलं की टर्मिनलमध्ये उभ्या-उभ्याच दहादा करून पाहिलं.

१० अँपियरचे चार फ्यूज मी क्लीनरच्या हातात दिले आणि तारेचं पुन्हा नाव काढायचं नाही असं बजावलं. परवा संबलपूरहून फोन होता. फ्यूज त्याने तंबाखूच्या डबीत ठेवलेत. मामा म्हणतो, ती डबी तो कधीच हरवणार नाही.