पीएलसी वायरमनच्या हाती द्या

साकीनाक्याच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, पॅकिंग मशीन चालता चालता थांबतं. वीज आहे, कॉम्प्रेसरची हवा आहे, मोटरही ठीक. पॅनेलचं दार उघडलं की आत एक राखाडी डबी दिसते आणि तिच्यावर पेटलेला लाल दिवा. गाळ्यातला वायरमन वीस वर्षं याच कामात मुरलेला. पण ‘या डबीला हात लावायचा नाही’ असं त्याला मशीन आलं त्याच दिवशी बजावलेलं असतं. मग मशीनवाल्याला फोन जातो. त्याचा माणूस येणार परवा. दोन दिवस काम बंद राहतं आणि अखेर सापडतं काय, तर सेन्सरची एक निखळलेली वायर.

ही डबी म्हणजे पीएलसी, प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर. मुंबईच्या उपनगरांतल्या छोट्या कारखान्यांत ती घरोघरच्या मिक्सरइतकी रुळली आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कित्येक मोठ्या कारखान्यांच्या जागी मनोरे आणि मॉल आले, तरी अंधेरी एमआयडीसीतले गाळे चालू आहेत. या गाळ्यांमध्ये पीएलसी शिकण्याची सुरुवात लॅपटॉपवाल्या इंजिनिअरपासून करण्याची रीत पडली आहे. ती वायरमनपासून व्हायला हवी.

या यंत्राचा इतिहासच वायरमनच्या बाजूनं बोलतो. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या भिंतीच्या भिंती नकोशा झाल्या होत्या. गाडीचं मॉडेल बदललं की हजारो वायरी पुन्हा ओढायच्या, हा खर्च आणि वेळ परवडेना. डिक मॉर्ली आणि त्याच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी त्यावर जे यंत्र काढलं ते मोडिकॉन ०८४. कंपनीचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. आणि मोडिकॉन हे ‘मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर’चंच आखूड रूप. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ते तिथल्या तिथे बदलता आणि दुरुस्त करता यावं, ही अट होती. म्हणूनच त्याची भाषा ‘लॅडर’ ठरली: दोन बाजूंना दोन उभ्या रेषा, मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे कॉन्टॅक्ट आणि कॉइल. रिलेचं ड्रॉइंग वाचणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी ओळखीची वाटते. जी भाषा वायरमनसाठी घडवली, तिच्यापासून त्यालाच लांब ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि मालकाचं नुकसानही.

शिकायला सुरुवात कशानं करावी? मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला सोसायटीच्या पाण्याच्या पंपाइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. महापालिकेचं पाणी ठरल्या वेळी येतं, खालच्या टाकीत साठतं, तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं. पंप दोन, आळीपाळीनं चालवायचे. खालची टाकी रिकामी असेल तर पंप कोरडा फिरू द्यायचा नाही, वरची भरली की थांबवायचा. हे सगळं रिले आणि टायमरनंही होतं. पण उद्या कमिटीनं सांगितलं की पहाटे पाच ते सात पंप नको, आवाज होतो, तर जुन्या पॅनेलात नवा टायमर आणि नव्या वायरी आल्या. पीएलसीत प्रोग्राममधली एक ओळ बदलली की झालं.

मॉड्युलर पीएलसीची खरी सोय पुढे कळते. सीमेन्सच्या एस७-१२०० मालिकेतल्या १२१४सी या सीपीयूवर १४ डिजिटल इनपुट आणि १० आउटपुट असतात. पुढे गरज वाढली तर उजव्या हाताला आणखी आठपर्यंत मॉड्यूल जोडता येतात. आज फ्लोट स्विचवर काम भागवायचं, उद्या पाण्याची नेमकी पातळी मोजणारा सेन्सर लावायचा झाला की तेवढं अॅनालॉग मॉड्यूल घ्यायचं. असे सेन्सर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट देतात. शून्याऐवजी चारपासून सुरुवात करण्यात मोठं शहाणपण आहे: टाकी रिकामी असली तरी ४ येतात, वायर तुटली तर शून्य. रिकामी टाकी आणि तुटलेली वायर यांत गल्लत होत नाही.

बसवण्याच्या कामाला क्लासमध्ये फारसा वेळ दिला जात नाही, आणि नेमकं तिथंच वायरमनचं कसब लागतं. ३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर पीएलसी बसवताना वर-खाली हवा खेळायला मोकळी जागा सोडायची. मॉड्यूल जोडताना किंवा काढताना वीज पूर्ण बंद करायची. मॉड्यूल ज्या क्रमानं रेलवर आहेत त्याच क्रमानं सॉफ्टवेअरमध्ये मांडायची, नाहीतर सीपीयू त्यांना ओळखत नाही. २४ व्होल्टच्या सेन्सरच्या वायरी मोटरच्या ४१५ व्होल्टच्या केबलबरोबर एकाच डक्टमध्ये कोंबायच्या नाहीत; ड्राइव्ह असेल तर मुळीच नाहीत. प्रत्येक टोकाला लग क्रिम्प करायचा आणि नंबराचा फेरूल घालायचा. आळसापायी हा फेरूल राहून जातो आणि पाच वर्षांनी दुसरा कोणी तरी त्याची किंमत मोजतो.

मुंबईचा पावसाळाही हिशेबात धरायला हवा. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शिरलं, तिथली विजेची यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा कोलमडला. एवढ्या मोठ्या संकुलाची ही गत, तर तळमजल्यावरच्या पंपघराचं काय? पॅनेल जमिनीपासून उंच लावायचं, केबल खालून घेऊन ग्लँड घट्ट आवळायचे, म्हणजे वरून गळणारं पाणी आत जात नाही. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं सापडत नाही.

आता प्रोग्राम. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग शिडी वरून खाली सोडवतो, मग आउटपुट देतो आणि हे चक्र सेकंदाला कित्येक वेळा फिरतं. नवशिक्याची पहिली अडचण ठरलेली असते ती स्टॉप बटणाची. स्टॉप बटण नेहमी एनसी, म्हणजे एरवी जोडलेलं, वापरतात. वायर तुटली तर मोटर थांबावी म्हणून. बटण दाबलेलं नसताना त्या इनपुटला वीज मिळत असते, त्यामुळे शिडीत तिथं उघडा कॉन्टॅक्ट काढावा लागतो. बाहेर बंद, आत उघडा. हे एकदा मीटर हातात धरून तपासलं की आयुष्यभर विसरत नाही. दुसरी चूक एकच कॉइल दोन ठिकाणी लिहिण्याची: खालच्या पायरीचं उत्तर वरच्या पायरीवर मात करतं आणि मोटर का सुटत नाही याचा शोध तासन्‌तास चालतो. इमर्जन्सी स्टॉप मात्र केवळ प्रोग्रामच्या भरवशावर कधीही सोडू नये. त्या बटणानं कॉन्टॅक्टरची वीज थेट तुटली पाहिजे. इथे माणसाचा हात आणि बोटं पणाला लागलेली असतात.

विजेचाही विचार आधी करावा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलसुद्धा थांबल्या. वीज परत आल्यावर मशीन आपोआप फिरू लागावं की माणसानं स्टार्ट दाबेपर्यंत थांबावं, हे प्रोग्राम लिहितानाच ठरवायचं असतं. पंपाला आपोआप सुरू होणं चालेल. प्रेस मशीनला कदापि नाही.

गाळामालकांकडे एक मागणी आहे. मशीन विकत घेताना प्रोग्रामची मूळ फाइल, पासवर्ड आणि पॅनेलचं ड्रॉइंग बिलाबरोबरच मागून घ्या. अनेक जुन्या पीएलसींमधून प्रोग्राम परत काढला तर त्यातल्या कमेंट येत नाहीत. उरतात नुसते पत्ते, आणि त्यांचा अर्थ लावण्यात दिवस जातात. कमेंट मराठीत लिहाव्यात. सॉफ्टवेअर देवनागरी घेत नसेल तर रोमन अक्षरांत, पण शब्द आपले: ‘वरची टाकी भरली’, ‘पंप दोन ट्रिप’. रात्रपाळीच्या वायरमनला ते वाचता आलं पाहिजे.

मुलुंड, अंधेरी, बोरिवली इथं सरकारी आयटीआय आहेत आणि चहूबाजूंना गाळे. शनिवारी अर्धा दिवस एखाद्या गाळ्यानं आपल्या वायरमनला तिथं पाठवावं, जुनं पॅनेल सोबत द्यावं आणि तिथल्या मुलांनी त्याच्याबरोबर ते उघडून पुन्हा वायर करावं. लॅडर शिकायला महागडं सॉफ्टवेअरही लागत नाही. ओपनपीएलसी फुकट मिळतं आणि साध्या संगणकावर चालतं. मुलांना लॅपटॉप येतो, वायरमनला मशीन येतं. एका टेबलावर दोघांच्या मध्ये एक सीपीयू, दोन पुश बटणं, एक फ्लोट स्विच आणि २४ व्होल्टचा एक दिवा ठेवला की पहिल्या शनिवारचं काम सुरू करता येईल.