उद्या बारा डिसेंबर

आज ११ डिसेंबर, पुण्याचा पादचारी दिन. महापालिकेने २०२१ मध्ये तो सुरू केला. या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर काही तास वाहने बंद असतात. रांगोळ्या निघतात, मुले डांबरावर खडूने चित्रे काढतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात. या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तीन-चार बायका एका ओळीत, रस्त्याच्या मधोमध, गप्पा मारत, एकदाही मागे वळून न पाहता चालत असतात. एरवी या शहरात असे दृश्य दिसत नाही.

एरवीचे दृश्य पाहायचे तर संध्याकाळी साडेसातला कुठल्याही उपनगरातल्या बसथांब्यावर उभे राहावे. कामावरून परतलेली बाई उतरते. खांद्याला पर्स, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताला पाळणाघरातून घेतलेले पोर. पोर भिंतीच्या बाजूला हवे, पर्स रस्त्याच्या बाजूला नको. पदपथ आहे, पण दर सोसायटीच्या फाटकापाशी तो तुटतो; उतरा, पुन्हा चढा, साडी असेल तर दर वेळी निऱ्या सावरा. पुढे विजेचा डीपी आडवा. डुगडुगणाऱ्या पेव्हर ब्लॉकखालून उडालेले घाण पाणी पायावर. मागून हॉर्न, तोही पदपथावर चढलेल्या दुचाकीचा. शेवटी ती खाली उतरून रस्त्याच्या कडेने चालू लागते. मग आपणच म्हणतो, एवढे पदपथ बांधले तरी लोक वापरत नाहीत!

नियमांची आपल्याकडे वानवा नाही. पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्येच सांगून ठेवले आहे. पुण्याचे पादचारी धोरण २०१६ चे, सायकल आराखडा २०१७ चा. अडथळ्यांविना पदपथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावले. प्रश्न आहे तो नियोजन करताना डोळ्यांपुढे कोण असते याचा. तिथे असतो सकाळी घरून निघून थेट कचेरीत आणि संध्याकाळी थेट घरी येणारा पुरुष. बाईची वाट अशी सरळ नसते. शाळा, बसथांबा, भाजीवाली, सासूबाईंची औषधे, दळण अशा पाच थांब्यांची ती फेरी असते, त्यातली बरीचशी पायी. मोठ्या रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले म्हणून ही फेरी सुखाची होत नाही. ती गल्लीबोळांतून जाते.

दिव्यांचेही तसेच. खांब उंच, झोत गाड्यांच्या मार्गावर आणि पदपथ मात्र झाडाच्या फांद्यांखाली अंधारात. अशा वेळी कोपऱ्यावरच्या फुलवालीचा मिणमिणता बल्ब पालिकेच्या दिव्यापेक्षा जास्त धीर देतो. म्हणून 'अतिक्रमण हटवा' एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. वाट अडवणारी टपरी आणि वाटेला जाग देणारी टपरी यांतला फरक रोज चालणारी बाई अचूक सांगू शकते. तिला विचारतो कोण? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या 'व्हाय लॉयटर?' या २०११ च्या पुस्तकात नेमके बोट ठेवले होते: बाईला रस्त्यावर असायला काहीतरी काम असावे लागते, उगाच रेंगाळण्याची मुभा तिला नाही.

सायकलची गोष्ट तर अधिकच बोचरी. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली देते. गावाकडे वारा कापत शाळेत गेलेली हीच मुलगी शिकायला पुण्यात येते आणि सायकल सोडून देते. एकेकाळी सायकलींचे म्हणून मिरवलेल्या या शहरात सायकलमार्ग आहेत, पण त्यांवर मोटारी उभ्या असतात. रस्त्यावर यावे तर मागून कट मारून जाणारा, जाता जाता शेरा मारणारा भेटतोच.

लक्ष्मी रस्त्यापासून भिडेवाड्याची जागा हाकेच्या अंतरावर आहे. १८४८ मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई फुले तिथे शिकवायला निघाल्या की वाटेत त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या सोबत दुसरी साडी ठेवत. ही गोष्ट सांगताना आपण शाळेपाशी थांबतो, वाटेकडे पाहत नाही. आज शेण कुणी फेकत नाही. पण बाहेर पडण्याआधी वाटेची तयारी करणे सावित्रीबाईंच्या लेकींनाही चुकलेले नाही. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी बेताने प्यायचे, लांबचा पण वर्दळीचा रस्ता धरायचा, घरी शिरताच 'पोहोचले' असा मेसेज टाकायचा. दुसऱ्या साडीचीच ही आजची रूपे.

तेव्हा आजचा सोहळा जरूर व्हावा. पण उद्या, १२ डिसेंबरला संध्याकाळी साडेसातला, पालिकेच्या पथ विभागातल्या साहेबांनी एका हाताला पोर आणि दुसऱ्या हातात भाजीची भरलेली पिशवी घेऊन बसथांब्यापासून घरापर्यंत पदपथावरूनच चालून पाहावे. जिथे खाली उतरावे लागेल तिथे आजच्या उरलेल्या खडूने एक फुली मारावी. वर्षभराच्या कामांची यादी तयार होईल.