पायऱ्यांची नक्षी आणि आपली हाव

पेरूतल्या एखाद्या प्राचीन वस्त्राचा फोटो मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आला, की पाठोपाठ ठरलेली प्रतिक्रिया येते: "अरे, ही तर आपल्या देवळाची नक्षी! आपलेच लोक गेले असणार तिकडे." मग अंगठे आणि जोडलेले हात. हे आता पुरे झाले.

आधी नक्षीचेच घ्या. मागावर धागे दोनच प्रकारचे, उभे आणि आडवे. त्यांतून तिरपी रेघ काढायची तर ती पायरीपायरीनेच चढते. म्हणून पायऱ्या, चौकटी, त्रिकोण जगभरच्या विणकरांना सापडले. ते शिकवायला कोणी समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

त्यापेक्षा वेगळेपण पाहा. अँडीजच्या विणकरांचा कापूस तिथलाच, लोकर अल्पाकाची, लाल रंग निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांचा. चारही कडा पक्क्या असलेले कापड ते थेट मागावरच विणत. काही वस्त्रांत तर मध्ये तात्पुरते धागे ताणून उभ्या धाग्यांचेही रंग जागोजागी बदलत. ही अक्कल उसनी नाही.

आता निळीचे. युरोपीय भाषांतला 'इंडिगो' आपल्या देशाच्या नावावरून आला. स्पॅनिशमधला 'अनिल' हा शब्दही संस्कृत 'नील'पासून अरबीमार्गे गेलेला. त्यामुळे नीळ जगाला आपणच दिली, अशी आपली खात्री. पण पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर वाका प्रिएता इथे निळीने रंगवलेले सुती कापड सापडले आहे, सुमारे 6,000 वर्षांपूर्वीचे. 2016 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शब्द स्पॅनिश लोकांबरोबर तिथे पोचला. रंग हजारो वर्षे आधीपासून होता.

सतराव्या शतकात मानरिके नावाच्या पाद्र्याने लिहिले, की ताजमहालाचा आराखडा व्हेनिसच्या एका कारागिराचा. हे वाचून आपले रक्त खवळते. एवढे सुंदर काम इथल्या माणसांना जमणार नाही, हाच त्यातला अपमान ना? मग "आपलेच लोक गेले असणार" म्हणताना आपण दुसरे काय करतो?

आणि ज्यांचे श्रेय आपण लाटतो, ती माणसे संपलेली नाहीत. कुस्कोजवळ चिंचेरोत केचुआ बायका आजही कमरेला माग बांधून विणतात. त्यांच्या कामाचे कौतुक करायला त्यांना आपले वंशज ठरवावे लागत नाही. पुढचा फोटो आला की नाते शोधू नका. ते कसे विणले असेल, एवढे विचारा.